बरणीचा काय गुन्हा

खवट खोबरेल तेलाचा वास आला की माझं डोकं फिरतं. बाकी कसलाही वास मी चालवून घेतो. तुंबलेल्या गटारीचा चालतो, पावसाळ्यातल्या ओल्या मोज्यांचा चालतो. पण खोबरेल खवटलं की नाकातून थेट घशात उतरून बसतं, आणि उशीच्या अभ्र्याला लागलं तर तीन धुण्यांत जात नाही. जवळजवळ तीन वर्षं हा वास माझ्या घरात, माझ्या आईनं केलेल्या तेलाला येत होता आणि मला तो थांबवता येत नव्हता.

जास्त चीड यायची ती माझ्या नोकरीमुळं. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी बावीस वर्षं स्टोअरकीपर आहे. कुलंट, हायड्रॉलिक ऑईल, ग्रीस, गंज धरू नये म्हणून लावायचं तेल, हे सगळं माझ्या ताब्यात. ड्रम उन्हात ठेवायचा नाही, तोंड वर करून पावसात ठेवायचा नाही, आधी आलेला माल आधी बाहेर काढायचा, अर्ध्या ड्रमवर नवा ड्रम ओतायचा नाही, प्रत्येक ड्रमच्या गळ्यात तारखेचं कार्ड. ऑडिटला बाहेरून येणारी माणसं माझं स्टोअर बघून मान डोलावतात. आणि हाच मी संध्याकाळी कळंब्याच्या रस्त्याला असलेल्या घरी यायचो, तर स्वयंपाकघरात काय दिसायचं? गॅसपासून हातभर अंतरावर, खिडकीच्या उन्हात, झाकण तिरकं पडलेली तेलाची बरणी.

ती चिनी मातीची बरणी आईची. आई गारगोटीकडच्या शेतकरी घरातली, आता पंचाहत्तरी ओलांडलेली. आमच्या नात्यात, गल्लीत तिची ओळख तेलावरून. वर्षातून दोन-तीनदा ती लक्ष्मीपुरीतून सुकं खोबरं आणायची, गच्चीवर ऊन द्यायची, घाण्यावर नेऊन पिळून आणायची. मग मोठ्या कढईत ते तेल, माक्याचा रस, जास्वंद, कढीपत्ता, थोडी मेथी. मंद आचेवर दुपारभर. ती कढईपाशी बसायचीसुद्धा नाही. बाहेरच्या सोप्यात लसूण सोलत बसायची आणि मधूनच ओरडायची, “उतरा ते आता!” आणि खरोखर त्याच क्षणी ते व्हायचं. मिनिटं मोजून तेल उतरवणाऱ्या बाईला ती बाईत धरायची नाही.

हे तेल गारगोटीला जायचं, कोडोलीला आत्याकडं जायचं, गल्लीतल्या चार घरांत जायचं. आणि आमच्या घरात बाळ जन्मलं की त्याची टाळू आईच्याच तेलानं, आईच्याच हातानं भरायची. माझी भरली, माझ्या मुलीची भरली. तान्ह्या बाळाच्या डोक्यावर मधोमध मऊ खळगा असतो, त्यावर तेलाचा बोळा ठेवून ती हलकेच दाबत राहायची आणि शेवटी वाकून त्या डोक्याचा वास घ्यायची. आता माझ्या मुलीला दिवस गेले होते, आणि आईच्या तोंडी दुसरा विषय नव्हता. “पणतीची न्हायतर पणतूची टाळू भरली की मी मोकळी,” म्हणायची. तिचं आता एवढंच मागणं उरलं होतं.

तेलाच्या वासाची तक्रार पहिल्यांदा बायकोनं केली. एका सकाळी केस विंचरता विंचरता म्हणाली, “अहो, आईंच्या तेलाला वास येतोय.” मी हुंगलं. येत होता. मी बरणीकडं बघितलं आणि तिथंच निकाल लावून टाकला.

कारण त्या बरणीचा एक कायदा होता. बरणी कधी कोरडी करायची नाही. तळाशी चार बोटं जुनं तेल राहिलं पाहिजे आणि नवं तेल त्याच्यावर ओतायचं. घरातलं तेल संपलं असं व्हायला नको म्हणून. माझ्या लहानपणापासून ती बरणी पूर्ण रिकामी झालेली मी पाहिली नव्हती. म्हणजे तळाला किती वर्षांपूर्वीचं तेल होतं हे देवालाच ठाऊक.

“आई, जुन्या तेलावर नवं ओतलं की नवं पण नासतं,” मी म्हणालो.

“इरजान न्हाय का ठेवत आपण? त्यानं दूध नासतंय व्हय?”

“दही आणि तेल एक आहे का?”

“तू मला त्याल शिकवू नगंस. तुझी टाळू ह्याच बरनीतल्या त्यालानं भरली मी.”

मी काही बोललो की टाळूवर यायची. पण मी हटलो नाही. रोज कामावरून आलो की एक चूक काढायचो. ओली बोटं तेलात बुडवतेस. झाकण लावत नाहीस. गॅसची धग लागते. ऊन लागतं. अंघोळीहून येऊन ओल्या केसांवरून हात फिरवतेस आणि तोच हात परत बरणीत घालतेस. ती ठसक्यात उत्तर द्यायची, मी आवाज चढवायचो, बायको टीव्हीचा आवाज वाढवायची. असे सहा-आठ महिने गेले.

आणि मग आईनं एकदम हात टेकले. मी परत बरणीवरून सुरू झालो होतो, तर ती शांतपणे म्हणाली, “बरनीनंच व्हत असंल बाबा. कर तुझ्या मनासारखं.”

तेव्हाच मला शंका यायला हवी होती. माझ्या आईनं उभ्या आयुष्यात कुणाला ‘कर तुझ्या मनासारखं’ म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. पण मी जिंकलो होतो ना! जिंकलेल्या माणसाला शंका कुठली यायला. रविवारी मी बरणी पालथी केली, तळाचा काळपट चिकट गाळ खरवडून काढला, सोड्याच्या गरम पाण्यानं दोनदा धुतली, गच्चीवर दिवसभर वाळवली. आई त्या दिवशी सोप्यातून उठली नाही. बरणी वर माळ्यावर गेली. ओळखीच्या औषध दुकानातून मी तपकिरी काचेच्या लहान बाटल्या आणल्या. लहान अशासाठी, की एक उघडली तर बाकीच्या बंद राहतात. उकळून, ओव्हन नाही म्हणून उन्हात कडकडीत वाळवून, गळ्यापर्यंत भरायच्या म्हणजे आत हवा कमी राहते. प्रत्येकीवर तारखेची चिठ्ठी. जागा स्वयंपाकघरात नाही, मधल्या खोलीतल्या लाकडी कपाटात सगळ्यांत खालचा खण, जिथं ऊन नाही, धग नाही. बाटलीत बोट घालायचं नाही, वाटीत ओतून घ्यायचं. कपाटाच्या दाराला मी आतून नियम चिकटवले.

मला आणखी एक गोष्ट आवडली होती. आई आता तेल कढवताना कढईपाशी उभी राहायला लागली होती. सोप्यातून ओरडणं बंद. फेस बघायची, झाऱ्यानं ढवळायची, भिंतीवरच्या घड्याळाकडं बघायची. मी खूश होऊन तिला एक छोटा टायमर आणून दिला, वेळ झाली की टिणटिण वाजणारा. बायकोला म्हणालो, “बघितलंस? शिस्त लावली की लागते. फक्त माणूस मागं पाहिजे.” हे वाक्य आठवलं की आजही मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

कारण तेल खवटतच राहिलं. ताजं असताना माक्याचा आणि मेथीचा वास वर असायचा, काही कळायचं नाही. तीन आठवडे गेले की तो उतरायचा आणि खालून तो दुसरा वर यायचा. मी बाटली उघडायचो, हुंगायचो आणि माझ्या डोक्यात तिडीक जायची. सगळं केलं होतं. पुस्तकात असतं तसं केलं होतं. मग मी माणसांवर घसरलो. कोण ओला हात लावतंय? कोण बाटली परत बाथरूममध्ये ठेवतंय? बायकोला विचारलं तर ती भडकली. “मला कशाला विचारताय? मी गेलं वर्षभर ते लावतच नाही.” आणि धुण्याच्या पावडरच्या डब्यामागून तिनं बाजारची बाटली काढून दाखवली. आईला दिसू नये म्हणून तिथं लपवलेली. गल्लीतल्या बायकाही तेल घेऊन जायच्या, तोंड भरून कौतुक करायच्या आणि लावायच्या नाहीत, हेही त्या दिवशी तिनंच सांगितलं. म्हणजे सगळ्या गल्लीला माहीत होतं. आईला तेवढं कुणी सांगत नव्हतं. मी मात्र रोज सांगत होतो, आणि तेही बरणीचं, बाटलीचं, झाकणाचं.

दुधाचंही तसंच. आई स्वयंपाकघरात असताना दूध करपायचं. घरभर वास, आणि ही चार पावलांवर भाजी निवडत बसलेली. मी ओरडायचो, “लक्ष कुठं असतं तुझं?” ती म्हणायची, “इसरले बग,” आणि पातेलं घासायला घ्यायची.

मुलगी सातव्या महिन्यात बाळंतपणाला आली. आईनं लगेच खोबरं आणलं, पिळून आणलं, कढवलं. माझी बाटल्यांची तयारी होतीच. मुलगी झाली. नात माझी, पणती आईची. दवाखान्यातून घरी आणलं आणि दुसऱ्या दिवसापासून बाळाला न्हाऊ घालायला गल्लीतल्या मावशी यायला लागल्या. दणकट बाई, आवाज असा की खालच्या चौकात ऐकू जावा. आई आंघोळ करून, स्वच्छ लुगडं नेसून, पाटावर बसली. आधी ती टाळू भरणार, मग मावशी मालिश करणार. मी कपाटातून बाटली आणली. चिठ्ठीवर तारीख, दोन महिन्यांपूर्वीची. बूच काढलं आणि गडबडीत न हुंगताच तेल वाटीत ओतलं.

मावशींनी वाटीतल्या तेलात बोट बुडवलं, नाकाशी नेलं आणि वाटी बाजूला सारली.

“आज्जी, त्याल खवट हाय की हो! ह्ये न्हाय लावायचं लेकराला. अंगावर पुरळ उठंल.”

दारात मुलगी उभी होती, बायको होती, शेजारच्या दोघी बाळ बघायला आल्या होत्या. आई हात पुढं करून तशीच बसली होती, बोटांत कापसाचा बोळा. मग म्हणाली, “बाटली नीट वाळली नसंल.”

आणि मी फुटलो. बाटली मी वाळवली होती. माझ्या हातानं. मी काय काय बोललो ते सगळं आता आठवत नाही आणि आठवलं तरी लिहिणार नाही. पण एक वाक्य बोललो ते आठवतं. “आता तुझ्यानं होत नाही आई, सोडून दे.” शेजारणींसमोर. बायकोनं मला दंडाला धरून बाहेर काढलं. आत मावशींनी बाजारची बाटली फोडली. आईनं त्या तेलाला हात लावला नाही. टाळू मावशींनीच भरली.

दुपारी आई माझ्याजवळ आली. “बारशाला अजून आठ दिस हायत,” म्हणाली. “तवर दुसरं करती. त्यातनं बिघडलं तर पुन्यांदा कढईला हात लावणार न्हाय.”

माझा राग उतरला नव्हता. मी म्हणालो, “ठीक आहे. पण या वेळी पहिल्यापासून शेवटपर्यंत मी बरोबर असणार. खोबरं आणण्यापासून. कुठं घोळ होतो ते माझ्या डोळ्यांनी बघणार.” नको म्हणायला तिच्याकडं सांगता येईल असं कारण नव्हतं, असं आता कळतं. मी दोन दिवसांची रजा टाकली.

लक्ष्मीपुरीतलं तिचं दुकान ठरलेलं. चाळीस वर्षांचं गिऱ्हाईक म्हणून दुकानदार उठून उभा राहिला. “या आज्जी. या पावणं, बसा की.” मी पायरीवरच थांबलो. समोर खोबऱ्याच्या वाट्यांची दोन पोती तोंड उघडून ठेवली होती. आईनं अलीकडच्या पोत्यातली वाटी उचलली, कडेचा तुकडा मोडला, नाकाशी नेला, डोळे मिटून श्वास आत ओढला. लहानपणी तिचा पदर धरून याच दुकानात उभा असायचो तेव्हापासून बघितलेली हालचाल, तश्शीच.

“ब्येस हाय,” ती म्हणाली. “पाच किलो घाल.”

मी तिच्यापासून चार हातांवर होतो. मला तिथं वास येत होता. तोच, घशात जाऊन बसणारा. मी पुढं झालो, तिच्या हातातला तुकडा घेतला, हुंगला. आतली बाजू पिवळट, बोटाला चिकट. दुकानदाराकडं बघितलं तर तो काट्यावरचं पारडं पुसायला लागला.

“आई, हे खवट आहे.”

“काय बोलालास?”

“खवट आहे. परत हुंग.”

तिनं परत तुकडा नाकाशी नेला. परत डोळे मिटले. या वेळी फार वेळ. मग डोळे उघडले आणि तुकड्याकडं न बघता माझ्या तोंडाकडं बघितलं. मी काय म्हणतोय यावरून तिला ठरवायचं होतं.

“व्हय रं,” ती सावकाश म्हणाली. “हाय जरासं. शेठ, दुसरं दावा.”

दुकानदारानं आत जाऊन तिसरंच पोतं ओढून आणलं. “आज्जीच पसंत करत्यात की, मी काय बोलणार,” असं काहीतरी पुटपुटला. आईनं त्यातली वाटी उचलली, मोडली आणि तुकडा माझ्या हातात दिला.

“तू बग. माझं हात तेलकट झाल्यात.”

तिचे हात कोरडे ठणठणीत होते.

खोबरं मोजून घेतलं, पैसे दिले, रस्त्यावर आलो. पिशवी स्कूटरच्या पुढं ठेवली, किल्ली लावली, काढली. “कधीपासून?” मी विचारलं.

“कोरोना झालता तवापास्नं. तुमच्या सगळ्यांचा वास गेलता आन् परत आला. माझा न्हाय आला.” ती पदरानं तोंड पुसत होती. “येईल येईल म्हणून बसली. फुलाचा न्हाय, फोडणीचा न्हाय. जिबंला निस्तं गोड-कडू कळतंय.”

“मग सांगायचं नाही का?”

“काय सांगू? वास कळत न्हाय म्हटल्यावर त्या म्हातारीचं त्याल कोण न्हेल? पोरीच्या लेकराला लावू द्याल तुमी?”

“अगं पण मी तीन वर्षं बरणीवरून...”

“व्हय की. तू बरनीला बोलालतास, मला बरं वाटायचं. बरनीचं काय जातंय? तिला कुठं वाईट वाटतंय?”

मला राग आला. तिचा आला, दुकानदाराचा तर असा आला की परत आत जाऊन पोतं उलटं करावं. पण सगळ्यांत जास्त माझा आला. कारखान्यात माल गेटवर आला की आधी तपासणी, मगच स्टोअरमध्ये. तपासणीचा शिक्का नसेल तर मी ड्रमला हात लावू देत नाही. भल्याभल्या इंजिनिअरांशी भांडलो आहे यावरून. आणि घरात मी बाटलीपासून सुरुवात करायचो. खोबरं कुठून येतं, कसं येतं, एकदाही बघितलं नव्हतं. ते बायकांचं काम. खराब माल आत आल्यावर तो कितीही अंधारात ठेवा, कितीही कोरड्या बाटलीत भरा, खराबच निघणार. हे मला शिकवायला लागावं? तिचं घड्याळाकडं बघणं, करपलेलं दूध, माझा तो टायमर... माझ्या नाकासमोर सगळं होतं आणि मी झाकणं मोजत बसलो होतो. आणि ‘तुझ्यानं होत नाही’ म्हणालो होतो. चारचौघांत.

“घरात बोलू नगंस,” ती मागं बसता बसता म्हणाली. मी हो म्हणालो. आणखी काहीतरी म्हणायला हवं होतं, पण मागून रिक्षावाला हॉर्न मारत होता आणि मी स्कूटर चालू केली.

खोबऱ्याला एक दिवस ऊन दिलं, घाण्यावरून पिळून आणलं. कढवायच्या दिवशी स्वयंपाकघरात आम्ही दोघंच. बाहेर मी जाहीर केलं होतं की या वेळी सगळी प्रक्रिया माझ्या देखरेखीखाली होणार. बायको म्हणाली, “झालं यांचं सुरू.” कुणाला शंका आली नाही. आई ढवळत होती आणि मी कढईवर वाकून हुंगत होतो.

“कसा येतोय?” आई हळू आवाजात.

“माक्याचा येतोय.”

“माक्याचा न्हायतर काय गुलाबाचा येणार हाय? कच्चा येतोय का शिजल्याला?”

मला कळेना. हिरवा येत होता एवढंच कळत होतं.

“हिरवा म्हंजे? पाल्यागत का वाळल्या गवतागत?”

“पाल्यासारखा. नाही, थांब... गवतासारखा. आई, मला नाही सांगता येत.”

“नाक हाय का काय हाय ते?” ती वैतागून झारा कढईच्या काठावर आपटत म्हणाली. “बावीस वर्सं त्याल सांभाळतोय म्हणं!”

दोन-अडीच वर्षांत तिचा तो जुना आवाज मी पहिल्यांदा ऐकला. शिव्या खायलासुद्धा बरं वाटलं. पण घामाघूम झालो. तास गेला, तडतड कमी झाली, आणि मी दर दोन मिनिटांनी काहीतरी सांगायचो आणि ती दर वेळी नाही म्हणायची. शेवटी एकदा मी म्हणालो, “आता भाजलेल्या खोबऱ्यासारखा येतोय, गोडसर, मागं मेथी,” आणि तिनं झटक्यात गॅस बंद केला. खात्रीला कापसाची वात त्या तेलात बुडवून पेटवली. वात तडतडली नाही, सरळ जळली. म्हणजे पाण्याचा अंश नव्हता. “जमलं,” आई म्हणाली आणि मला पाटावर बसावंसं वाटलं.

कोमट असताना गाळलं, गार झाल्यावर माझ्या बाटल्यांत भरलं, चिठ्ठ्या लावल्या. माळ्यावरची बरणीही मी खाली काढली, पुसली आणि तिच्यात वाटीभर तेल घालून कपाटाच्या त्याच खणात, अंधारात ठेवली. आईनं बघितलं. झाकण नीट बसलंय का ते दाबून बघितलं.

बारशाच्या दिवशी सकाळी मावशी आल्या. वाटीत बोट बुडवलं, हुंगलं. मी दारात श्वास धरून उभा.

“आता कसं! ह्येला म्हणत्यात त्याल!” चौकापर्यंत ऐकू जाईल असं त्या म्हणाल्या. “बसा आज्जी, भरा टाळू.”

आई पाटावर बसली. बाळाला पायांवर घेतलं, कापसाचा बोळा तेलात भिजवून त्या मऊ खळग्यावर ठेवला आणि बोटांनी हलकेच दाबत राहिली. बाळानं तोंड वाकडं केलं, रडलं नाही. मग आई सवयीनं खाली वाकली, डोक्याला नाक लावलं आणि श्वास आत ओढला. तशीच राहिली. बायको, मुलगी, मावशी सगळ्या कौतुकानं बघत होत्या. तिला काहीच येत नव्हतं, हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं.

मावशी गरम पाणी आणायला गेल्या, बायको टॉवेल बघायला. आईनं मला मानेनं जवळ बोलावलं.

“बग,” ती पुटपुटली. “कसा येतोय सांग.”

मी वाकलो. “एक नंबर झालंय आई. खवटपणाचं नाव नाही.”

तिनं मान हलवली. “त्यालाचं न्हाय रं इचारत,” ती म्हणाली. “लेकराचा सांग मला. लेकराचा कसा येतोय?”

मी परत वाकलो.